गोळीला सुटी, गळ्याला नाही

ताई,

तुझी डबी माझ्याकडे आहे. प्रज्ञाला वाटलं होतं, हॉस्पिटलच्या धावपळीत ती कुठेतरी पडली. तिनं वॉर्डात जाऊन विचारलं, ऑटोवाल्याला विचारलं, तुझी कापडी पिशवी उलटी करून झटकली. तुझी लेक डबी शोधत होती तेव्हा मी बाजूलाच उभा होतो, आणि डबी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

किती घासली होतीस तू ती. भाऊजींची तंबाखूची डबी, दोन तोंडांची, एकीकडे तंबाखू आणि दुसरीकडे चुना. ते गेल्यावर तू ती राखेनं घासलीस, गच्चीवर उन्हात ठेवलीस आणि तिच्यात ज्येष्ठमधाचे तुकडे भरलेस. चुन्याच्या कप्प्यात लवंगा. "विषाची डबी होती बाप्पा, म्या औषधाची केली," असं तू साऱ्या विहाराला सांगत असायचीस. नवीन बाई वंदनेला आली की तिला आधी हे वाक्य, मग एक काडी. गळ्यासाठी म्हणून.

मी ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते ऐकू येणं बंद झालं होतं. आता घरात भांडं जरी वाजलं तरी मला तेच ऐकू येतं.

तुझ्याशी बोलायचं तर मी मध्येच थांबतो, शब्द शोधतो, आणि तोवर तू दुसऱ्या विषयावर गेलेली असतेस. आयुष्यभर असंच झालं. कॉलेजच्या लायब्ररीत मी इतरांना पुस्तकं काढून दिली, पण तुझ्यासमोर मला हवं ते वाक्य वेळेवर कधी सापडलं नाही. आता तू मध्ये बोलणार नाहीस. म्हणून सावकाश लिहितो.

छातीत फडफड होते म्हणून तुला विजय नगरला डॉक्टरांकडे नेलं, तो दिवस मला फार आठवतो. "कोंबडी धरल्यावर कशी फडफडते, तसं होऊन राहिलं," असं तू त्यांना सांगितलंस आणि मी त्याचं हिंदी करायच्या आत तूच हातांनी करून दाखवलंस. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, पाहिली, दोन गोळ्या लिहिल्या. एक अंगातलं पाणी काढायची. दुसरी छोटी, पांढरी, हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवायची. ते म्हणाले, "अम्मा, ये वाली पाँच दिन खाना है। शनिवार-इतवार छुट्टी।"

"म्हणजे ही गोळी सरकारी नोकरीत हाय," तू म्हणालीस. मी भाषांतर केलं. डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले.

मग त्यांनी विचारलं, "और कुछ लेती हैं? काढ़ा, चूरन, कोई देसी दवा?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी तर या प्रश्नाची वाटच पाहत होतो. अर्जुनाची साल उकळून तू रोज सकाळी पितेस, हे मी लगेच सांगून टाकलं. डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली. मला फार बरं वाटलं. तुझ्या-माझ्या भांडणात मी पहिल्यांदाच जिंकलो होतो.

हा सगळा वेळ डबी तुझ्या मुठीत होती. उठताना तू ती उघडलीस, एक काडी त्यांच्या टेबलावर ठेवलीस आणि माझ्या भाषांतराची वाट न पाहता हिंदीतच म्हणालीस, "गला बैठा है डॉक्टर साब आपका। दिनभर बोलते हो। ये चबाओ।" त्यांनी ती काडी घेतली, हसून खिशात ठेवली. हीही सांगायची गोष्ट आहे असं तुला नाही वाटलं, मला नाही वाटलं, त्यांनाही नाही वाटलं. ज्येष्ठमध म्हणजे काही औषध नव्हे. ते गळ्यासाठी असतं.

ऑटोत तू चेरीतालच्या वळणापर्यंत तोंड फिरवून रस्ता पाहत बसलीस. मग म्हणालीस, "चुगली केली ना माही?"

"डॉक्टरांपासून काय लपवायचं, ताई?"

"झाडाचं कधी वाईट नसते, मिलिंदा. वाईट असते ते कारखान्यातलं. तुह्या भाऊजीचा जनम गेला कारखान्यात, मले नको सांगू."

हा आपला जुना वाद. तुझ्या मते जे जमिनीतून उगवलं ते आपलं, आणि जे चकचकीत पट्टीतून निघालं ते परकं. मी पुस्तकातून दाखले द्यायचो, तू स्वयंपाकघरातून द्यायचीस. प्रज्ञाची बदली कुंडमला झाल्यापासून तुझी बाजू भक्कम झाली होती. ती तहसीलच्या कामावरून शनिवारी परत येताना बाजारातून ज्येष्ठमधाची जुडी आणायची, सुतळीनं बांधलेली. "जंगलातलं हाय, अस्सल," तू वास घेऊन म्हणायचीस. ज्येष्ठमध कुंडमच्या जंगलात उगवत नाही, ते दूरदेशाहून पोत्यांत येतं आणि तिथला दुकानदारही ते आपल्याच शहरातून नेतो, हे मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, "मंग लांबून आलं म्हणजे आणखीनच चांगलं असन." 

त्यानंतर मी तुझ्या ताटावर पहारा बसवला. लोणचं बंद, पापड बंद. चहा एकच कप. कुठेतरी वाचलं म्हणून शेजारच्या झाडाचा चकोतराही, म्हणजे पपनस, बंद केला. तो तुला आवडायचा, मीठ-मिरची लावून, आणि मी मिठाबद्दल एकदा आणि चकोतऱ्याबद्दल एकदा असं दोनदा रागावलो होतो. "तुह्यावाली पुस्तकं माणसाले जेवू नाही देत रे. मी मेली तं लिहिजो, बिना मिठाची मेली म्हणून."

घे. लिहिलं.

चहा सुटला तेव्हा तुझ्या तोंडाला काहीतरी हवं होतं. पूर्वी तू वंदनेच्या आधी एक काडी चघळायचीस. आता सकाळी उठल्यापासून तुझ्या डाव्या गालात एक असायचीच. धान्य निवडताना, कपडे वाळत घालताना, फोनवर बोलताना. गोडही लागायचं आणि साखरही नव्हती. मी खूश होतो. प्रज्ञा खूश होती. तीही मग एकीऐवजी दोन जुड्या आणू लागली.

रविवारी विहारात तू सर्वांत जास्त चघळायचीस. सकाळची वंदना, मग गाण्यांचा सराव. त्या दिवशी गोळी नसायची. तुझ्या शेजारी बसून गाणाऱ्या सुभद्राबाई एकदा म्हणाल्या, "दीदी, आज तरी आराम द्या जिभेले." त्यावर तू जे बोललीस ते नंतर सगळ्या जणी एकमेकींना ऐकवायच्या. "गोळीले सुटी हाय बाई, माह्या गळ्याले नाही."

जयंतीच्या आधीचे ते दिवस मी पुन्हा पुन्हा उलगडून पाहतो. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना आपल्याला शेवट माहीत असतो आणि मग पहिल्या पानापासून एकेक साधं वाक्य अंगावर येतं. तसं झालं आहे.

उन्हं वाढत होती. तुझ्या चपलेचे पट्टे बसेनात. "उन्हानं चप्पल आखडली," तू म्हणालीस. मी खाली वाकून पट्टा एक भोक सैल केला. पाऊल दाबल्यावर माझ्या बोटाचा खड्डा तसाच राहिला होता. तो मी पाहिला आणि सरळ होऊन तुला म्हणालो की लोणचं चोरून खातेस वाटतं. तू शपथ घेतलीस. तू खरं बोलत होतीस.

मग पायात वांब यायला लागले, पोटऱ्या आखडायच्या. जिना चढताना तू मधल्या पायरीवर बसायचीस. मग जेवण गेलं. प्रज्ञानं तुझ्या आवडीचं बेसनाचं चून केलं, सोबत ज्वारीची भाकर. तू एक घास घेतलास आणि ताट सरकवलंस. "मळमळून राहिलं. तोंडाले चवच नाही." आणि डबी उघडलीस.  निदान एवढं तरी तोंडात जातंय, असं आम्हा दोघांना वाटलं.

आणि तो सराव. त्या संध्याकाळी विहारात सगळ्या जणी पांढऱ्या साड्यांत आल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशीची रांग कशी बसवायची ते पाहायचं होतं. मी मागे पुरुषांच्या बाजूला भिंतीला टेकून वाचत बसलो होतो. तू मधे उभी राहिलीस, डोळ्यांवर हात धरून बायकांकडे पाहिलंस, आणि म्हणालीस, "काहून वं, हळदीत धुतल्या का साऱ्यायनं साड्या?"

एकदम हशा झाला.

"पांढऱ्या हायेत, दीदी!"

"मले तं पिवळ्या दिसून राहिल्या."

"मोतीबिंदू आला तुमाले," सुभद्राबाई म्हणाल्या. "नाहीतर नवरी करायची असन आमाले!"

"तुले कोण करते वं नवरी या वयात? दात हाय का तोंडात?"

पुन्हा हशा. मीही हसलो. पुस्तकात बोट ठेवून हसलो. वरच्या दिव्याभोवती कडं दिसतंय, असंही तू म्हणालीस, पण तोवर ढोलकी सुरू झाली होती.

जयंतीला तू गायलीस. आवाज तसाच होता, स्वच्छ, वर जाताना कडेला थोडा खरखरीत. पण तू गाणं ओढत होतीस. ढोलकीवाला तुझ्याकडे पाहत राहिला, त्यानं ठेका कमी केला, मग अजून कमी केला. लोकांना वाटलं, ताई आज किती सावकाश, किती आतून गाते आहे. माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत होता. तुझं हृदयच तेव्हा त्या चालीनं चालत होतं, हे तिथं कोणाला कळणार होतं?

पुढचं तुला सगळं माहीत नाही. म्हणून ते सांगायला हवं.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तू मोरीच्या दाराशी बसल्या बसल्या कोसळलीस. शेजारच्यांनी मला फोन केला. प्रज्ञा कुंडमला होती, तिला बस मिळून पोचायला वेळ लागणार होता. ऑटोत तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि तू म्हणालीस, "मिलिंदा, ऊन किती पिवळं हाय रे." ऊन पिवळंच असतं, मी म्हणालो. ते माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. इतकी वर्षं वाचन करून मी तुला शेवटी एवढंच सांगितलं.

तिथं त्यांनी तुला आडवं केलं. नळी लावायला नर्सनं तुझं तोंड उघडलं आणि डाव्या गालातून बोटानं काहीतरी काढलं. चावून चावून कुंचल्यासारखी झालेली काडी. तिनं ती कापसावर ठेवली. डॉक्टरीणबाई होत्या, वयानं प्रज्ञाएवढ्या. त्यांनी विचारलं, "ये क्या है? मुलेठी?"

"जी," मी म्हणालो. "गाती हैं न। गले के लिए।" मी हे जरा अभिमानानंच सांगितलं, ताई. एवढ्या घाईत, यंत्रांच्या आवाजात, तू गाणारी आहेस हे त्यांना कळावं असं मला वाटलं.

"रोज़?"

"रोज।"

"कितनी?"

मी खिशातून डबी काढून उघडली. तुझ्या पदरातून ती ऑटोत पडली होती, मी उचलली होती. त्यांनी डबीत पाहिलं, मग तुझ्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, मग गोळ्यांच्या पट्टीकडे. त्या लगेच वळल्या. नर्सशी भराभर बोलल्या. मला बाहेर थांबायला सांगितलं.

संध्याकाळ होण्याआधी सगळं संपलं होतं.

नंतर डॉक्टरीणबाई कॉरिडॉरमध्ये आल्या. त्यांनी मला बसवलं आणि सोप्या हिंदीत समजावून सांगितलं, एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं. ज्येष्ठमध रोज, भरपूर खाल्लं की शरीर पाणी आणि मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. पाण्याची गोळीही पोटॅशियम बाहेर टाकते. वर जेवण नाही, ऊन, घाम. आणि ती छोटी पांढरी गोळी, डिजॉक्सिन, अंगात पोटॅशियम असेल तोवरच औषध असते. ते घटलं की तीच गोळी, तेवढीच, हृदयाला गोंधळवते. मळमळ होते. नाडी मंदावते, चुकते. कधीकधी पांढरं पिवळं दिसतं.

"पिवळं?" मी मराठीतच विचारलं. त्यांना कळलं.

"पक्का नहीं कह सकते," त्या म्हणाल्या. "उम्र थी, किडनी भी कमज़ोर थी। पर मुलेठी न होती तो..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाल्या, "किसी ने पूछा नहीं था?"

विचारलं होतं. आम्ही अर्जुनाची साल सांगितली होती.

तेवढ्यात जिन्यावरून प्रज्ञा आली. बसच्या धुळीनं केस भुरे झालेले, खांद्याला ऑफिसची बॅग, आणि बॅगेच्या तोंडातून सुतळीनं बांधलेली नवी जुडी डोकावत होती. डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या. मी डबी खिशात घातली.

त्या क्षणी मी सांगू शकत नव्हतो. दुसऱ्या दिवशीही नाही. तुला मी ओळखतो, तू म्हणाली असतीस, "पोरीले नको सांगू रे, ती मरून जाईन." मीही तेच म्हणत होतो. जे झालं ते झालं. तिच्या आईला तिनं काय दिलं हे कळून आता कोणाचं भलं होणार आहे? मी ते झाकून ठेवायचं ठरवलंही होतं.

पण तुझ्या नावानं विहारात होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मी चेरीतालला तुझ्या घरी गेलो, तर प्रज्ञा तुझ्या खोलीत खाली बसली होती. समोर परात होती, त्यात ज्येष्ठमधाच्या काड्या, अडकित्त्यानं एकसारख्या कापलेल्या. बाजूला पांढऱ्या कापडाचे चौकोन आणि दोरा.

"मामा, धागा पकडा ना जरा."

"हे काय?"

"मम्मीची आठवण. लोक ताटल्या देतात, किताबें देतात. मी सोचा, मम्मी कोणाला खाली हाथ पाठवत नव्हती. उद्या विहारात हर एक बाईला एक पुडी. त्यांनी चघळावं आणि तिला याद करावं." ती हसली. तू गेल्यावर पहिल्यांदा. "चांगलं आहे ना?"

मी दोरा धरला. तिनं तो पुडीभोवती दोनदा फिरवला.

"ही मोठी पुडी सुभद्रा मौसीची," ती म्हणाली. "आता त्याच गाणार मम्मीच्या जागी. आत्तापासूनच दिनभर चघळतात. मीच देऊन आले परवा थोडं."

"सुभद्राबाईंना काही दुखणं आहे का गं?" मी दोरा धरूनच विचारलं.

"अरे वही, दिल का. मम्मीवालीच गोळी. शनिवार-इतवार छुट्टीवाली." तिनं गाठ मारली. "दोघी मिळून हसायच्या ना त्याच्यावर."

ताई, खोलीत कूलर चालू होता.  तुझा फोटो अजून भिंतीवर लावायचा होता, तो खुर्चीवर टेकवून ठेवला होता, म्हणून तू आमच्याच उंचीवर होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं. प्रज्ञाला वाचवावं की सुभद्राबाईंना, असा विचार मी करत होतो असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. भीती मात्र उरली होती.

मी खिशातून डबी काढून परातीत ठेवली.

"मिळाली?" ती म्हणाली. "कुठे होती?"

मग मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं तसंच, सोपं करून, एकातून दुसरं. काडी, पोटॅशियम, गोळी. पाय, जेवण, पिवळ्या साड्या. मी बोलत होतो आणि तिचे हात पुडी बांधत होते. एक बांधून झाली, दुसरी घेतली. मग हात थांबले.

"मीच आणत होते ना, मामा."

"मागत ती होती."

"मी एकच आणायची पहिले. नंतर दो-दो आणल्या."

"चहा मी सोडवला तिचा, बेटा. ती काडी तूही थांबवली नाहीस, मीही थांबवली नाही. कोणाला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे," ती म्हणाली.

तिनं बांधलेली पुडी सोडली. मग दुसरी. एकेक गाठ दातांनी सोडत होती, दोरा तोडत नव्हती. मी मदत करायला हात पुढे केला, तिनं तो हलकेच बाजूला केला. सगळ्या सोडून झाल्यावर तिनं डबी उचलून माझ्या खिशात परत टाकली आणि मौसींना फोन लावला. तो कोणी उचलला नाही. "शामको सोती हैं वो जल्दी. सवेरे तो विहारात भेटतीलच," ती म्हणाली. मग म्हणाली, "तिथं सांगावं लागेल. सबको."

"मी सांगतो."

"नाही. आप मत बोलना. तुम्ही फार हळू बोलता, मामा. तोवर कोणीतरी चघळून टाकेल. मी बोलते."

हे अगदी तुझ्यासारखं वाक्य होतं.

सकाळी विहार भरला होता. त्रिशरण झालं, पंचशील झालं. सगळीकडे पांढरं. सुभद्राबाई पुढच्या रांगेत होत्या, तुझ्या जागी, भिंतीला पाठ टेकून. त्यांचा डावा गाल फुगलेला होता. माझ्या आधी प्रज्ञानं ते पाहिलं आणि ती ठरल्या वेळेच्या आधीच उठली.

ती कशी बोलली ते तुला सांगण्यासारखं आहे. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, जशी ती नेहमी बोलते आणि तू टोकतेस. "मी मम्मीला मुलेठी आणून देत होते," इथूनच तिनं सुरुवात केली.  ती म्हणाली की मुलेठी खराब चीज नाही, पण ज्याला दिलाची गोळी चालू आहे, पाण्याची गोळी चालू आहे, बीपी आहे, त्याच्या अंगात ती त्या गोळीशी भांडते. मग तिनं विचारलं, "इथं कोणाकोणाला गोळी चालू आहे?"

आधी एक हात वर झाला. मग शेजारचा. मग मागून. ताई, ते हात हळूहळू वर येत होते आणि मी मोजायचं थांबवलं. इतक्या वर्षांत आपण एकमेकांच्या घरचं मीठ-तेल जाणत होतो, आणि कोण कोण काय गिळतं हे मात्र कोणी विचारलंच नव्हतं.

"गोळी कोणी बंद करायची नाही," प्रज्ञा म्हणाली. "मुलेठी बंद. आणि डॉक्टरला जाऊन सगळं सांगायचं. काढा, चूरन, जे तोंडात जातं ते सगळं. दवा है या नहीं, ते डॉक्टर ठरवतील." मग तिनं तुझ्या साड्यांची गोष्ट सांगितली. हळदीत धुतल्या का, म्हणून मम्मी बोलली होती आणि आपण सगळ्या हसलो होतो.

त्या हशाची आठवण सगळ्यांना एकदम आली. मला ती चेहऱ्यांवर दिसली.

सुभद्राबाईंनी तोंडातून काडी काढली. ती हातात धरून पाहत राहिल्या. मग त्यांनी डोळे बारीक करून प्रज्ञाकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, जसं कोणी घड्याळात किती वाजले विचारतं, "पोरी, तू नेसली ते लुगडं पांढरंच हाय ना?"

कोणी हसलं नाही.

ताई, तुझं गाणं त्या दिवशी झालं नाही. ढोलकी कोपऱ्यातच राहिली. सुभद्राबाईंना एका बाजूनं प्रज्ञानं धरलं, एका बाजूनं मी. पायरी उतरताना त्यांची चप्पल पायात बसेना, ती कोणीतरी हातात घेतली. ऑटोत त्या म्हणत होत्या, "मले काही नाही झालं बाप्पा, उगाच घाबरवता. दीदीचं जेवण राहिलं ना तिकडं." त्यांचं मनगट माझ्या हातात होतं. मला नाडी पाहता येत नाही, तरी मी धरून होतो. एक ठोका लागायचा, मग बराच वेळ काही नाही, मग घाईघाईनं दोन. मी पुढच्या ठोक्याची वाट पाहत होतो.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. तुझी ती पांढरी गोळीही झाडातूनच निघाली. थंड मुलखात घंटेसारख्या फुलांचं एक झाड असतं, त्याच्या पानांतून. हे मला कधीचं माहीत होतं. आपला वाद पुन्हा रंगला की मी हे वाक्य टाकणार होतो आणि तुला गप्प करणार होतो. चांगल्या संधीसाठी राखून ठेवलं होतं. तू काय म्हणाली असतीस तेही ठाऊक आहे. "मंग झाडच झाडाशी भांडलं म्हण ना. त्यात माणसाचा काय दोष?"

मी हे बाकावर बसून लिहायला घेतलं, त्याच कॉरिडॉरमध्ये. सुभद्राबाई आत आहेत. प्रज्ञा त्यांच्या मुलाला फोन करते आहे आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगते आहे, स्वतःचं नाव न गाळता. आतून अजून कोणी काही सांगितलेलं नाही. दार उघडतं, बंद होतं.

मघाशी तेच दार उघडून त्याच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, आणि क्षणभर थबकल्या. मग कागदावर पेन टेकवून विचारलं, "गोली के अलावा और कुछ लेती हैं?"

माझं वाक्य या खेपेला तयार होतं. पण ते बोलायच्या आधीच माझा हात खिशात गेला आणि मी तुझी डबी उघडून त्यांच्यापुढे धरली.